टाइझलीची शेड : ‘कोल्हापूर’ला आसरा देणाऱ्या एका लोकोशेडचा प्रकरण अभ्यास

१९६७च्या उन्हाळ्यात लीड्सहून कार्लाइलकडे निघणाऱ्या शनिवारच्या जादा गाड्यांना कधीकधी ‘कोल्हापूर’ जोडलेलं असे. हे एक वाफेचं इंजिन, नंबर ४५५९३. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश (एलएमएस) या रेल्वे कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात ‘ज्युबिली’ वर्गाची १९१ इंजिनं बांधून घेतली आणि बहुतेकांना साम्राज्यातले प्रांत, संस्थानं, दर्यावर्दी आणि लढाऊ जहाजं यांची नावं दिली. त्यांत बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर आणि कोल्हापूर ही चारही नावं होती. मराठी माणसाला ही चार नावं एकत्र वाचताना जे वाटतं ते मलाही वाटलं, आणि या प्रकरणाकडे मी ओढला गेलो तो तिथूनच. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर भंगारात गेली. संपूर्ण वर्गातली चारच इंजिनं आज शिल्लक आहेत आणि भारतीय नावाचं त्यांतलं एकच : कोल्हापूर.

ते वाचलं त्यामागे कुणाचं तरी प्रेम होतं, पण तेवढ्याने भागलं नसतं. १९६७ साली इंग्लंडात वाफेच्या इंजिनांवर प्रेम करणारे हजारो लोक होते. अडचण जागेची होती. सव्वाशे टनांच्या आसपासचं इंजिन आणि टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, ठेवायचं कुठे? पाणी, कोळसा, राख काढायचा पिट, इंजिन वळवायला टर्नटेबल, म्हणजे गोल फिरणारा रुळाचा तुकडा, आणि मुख्य लाइनीला जोडलेला सांधा हे सगळं एका ठिकाणी कुठे मिळणार? देशभर शेडी भराभर पाडल्या जात होत्या. बर्मिंगहॅमच्या आग्नेय भागातली टाइझलीची शेड मात्र उभी राहिली. ती का राहिली, कशी राहिली आणि तिचं नेमकं काय राहिलं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शेड कशासाठी आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेट वेस्टर्न रेल्वे आपलं जाळं सरळ आणि जवळचं करण्याच्या मागे लागली होती. बर्मिंगहॅम हे तिच्यासाठी मोठं गिऱ्हाईक, पण तिथे प्रतिस्पर्धी कंपन्याही तगड्या. १९०८मध्ये टाइझलीपासून स्ट्रॅटफर्डच्या दिशेने नॉर्थ वॉरिकशायर लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली आणि बर्मिंगहॅमहून चेल्टनहॅममार्गे ब्रिस्टलकडे जायला कंपनीला स्वतःचा रस्ता मिळाला. १९१०मध्ये बिस्टरमार्गे नवी लाइन झाल्यावर लंडनच्या पॅडिंग्टनहून बर्मिंगहॅम दोन तासांवर आलं. एवढ्या गाड्यांना इंजिनं पुरवायची, तर शहरालगतच्या बॉर्ड्सलीच्या जुन्या शेडीत ते मावण्यासारखं नव्हतं. स्नो हिल स्टेशनपासून पाचेक किलोमीटरवर, दोन लाइनींच्या फाट्यावर, १९०८च्या जुलैत टाइझलीची शेड उघडली.

आराखडा जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांचा. इंजिनं बांधणारा माणूस म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात, पण इंजिन घरी आल्यावर त्याचं काय करायचं याचाही त्यांनी तितकाच विचार केला होता. लंडनला ओल्ड ओक कॉमन इथे १९०६ साली त्यांनी एका छपराखाली चार टर्नटेबलं बसवली. टाइझलीला त्याच नमुन्याची दोन आली. प्रत्येक टर्नटेबल ६५ फुटांचं आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या २८ लाइनी. इंग्रज याला ‘राउंडहाउस’ म्हणतात, पण बाहेरून इमारत चौकोनी असे. गोल होता तो फक्त आतला कारभार.

भुसावळ, दौंड, कल्याणच्या रेल्वे वस्तीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना शेड म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

फेरी संपवून आलेलं इंजिन आधी कोल स्टेजखाली येई. ही दुमजली इमारत. उतरत्या बांधावरून कोळशाच्या वाघिणी वरच्या मजल्यावर ढकलायच्या, तिथे माणसांनी फावड्यांनी कोळसा लोखंडी टबांत भरायचा आणि टब पुढे लोटून खाली उभ्या टेंडरमध्ये उपडा करायचा. छतावर पाण्याची भलीमोठी टाकी. दुसऱ्या कंपन्यांनी पुढे उंच यांत्रिक बुरूज उभारले, त्यात अख्खी वाघीण उलटी होई. ग्रेट वेस्टर्नने मात्र फावडं सोडलं नाही. तिचा कोळसा साउथ वेल्सचा होता. जळायला उत्तम, पण ठिसूळ. उंचावरून आदळला की त्याचा चुरा होई. म्हणजे वेल्सच्या जमिनीखालच्या दगडाच्या गुणामुळे बर्मिंगहॅमच्या इमारतीचा आकार ठरला होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

कोळसा घेतला की भट्टीतली राख आणि खंगर पिटमध्ये काढायचा, धूरपेटी, म्हणजे बॉयलरच्या पुढची धूर जमणारी पेटी, साफ करायची, मग टर्नटेबलवर चढून आपल्या लाइनीत शिरायचं. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवायचा, म्हणजे पाण्याचा क्षार आत साचत नाही. थंड इंजिन पुन्हा वाफेवर आणायला कित्येक तास लागत. आठ वाजताच्या गाडीसाठी कुणीतरी आदल्या रात्रीपासून जागं असे. पोरगेला क्लीनर चिंध्यांनी इंजिन पुसून सुरुवात करी, मग फायरमन होई, आणि ड्रायव्हर होईपर्यंत केस पांढरे व्हायला लागलेले असत. भरात असताना टाइझलीकडे शंभरावर इंजिनं होती. राष्ट्रीयीकरणानंतर तिचा संकेत ८४ई. तिच्या इंजिनांच्या धूरपेटीच्या दारावर तो बिडाच्या छोट्या पाटीवर लिहिलेला असे.

डिझेल आलं, आणि गोल छप्पर निरुपयोगी झालं

१९५५च्या आधुनिकीकरण योजनेनंतर डीएमयू गाड्या आल्या. आपल्याकडे डेमू म्हणतात तसल्या, डब्यांच्या खालीच इंजिन आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. टाइझलीच्या आवारात १९५७मध्ये त्यांच्यासाठी वेगळा डेपो झाला आणि बर्मिंगहॅमच्या लोकल सेवा हळूहळू त्याच्याकडे गेल्या.

शेडी का पडल्या हे सांगताना ‘काळ बदलला’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मोजमाप पाहा. टर्नटेबल ६५ फुटांचं आणि डीएमयूचा एकेक डबाच जवळपास तेवढा लांब. दोन-तीन डबे जोडलेली गाडी टर्नटेबलवर बसतच नाही, आणि दोन्ही टोकांनी चालत असल्यामुळे तिला वळवायची गरजही नाही. तिला लागतात सरळ, लांब लाइनी, दोन्ही बाजूंनी उघडी छपरं, डब्याखाली उभं राहून काम करता येईल असे पिट आणि डिझेल भरायची जागा. गोल शेडीचा एकही गुण तिच्या कामाचा नव्हता. ओल्ड ओक कॉमनचं चार टर्नटेबलांचं अवाढव्य छप्पर १९६०च्या दशकाच्या मध्यावर पाडलं गेलं ते याच कारणाने.

टाइझलीचंही तेच व्हायचं, आणि छपराच्या बाबतीत तेच झालं. पण त्याआधी एक कारकुनी घटना घडली.

नकाशावरची रेघ

१९६३च्या सुरुवातीला ब्रिटिश रेल्वेने आपल्या विभागांच्या हद्दी बदलल्या. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या जुन्या ग्रेट वेस्टर्न लाइनी वेस्टर्न रीजनकडून काढून लंडन मिडलंड रीजनकडे दिल्या. टाइझलीचा ८४ई हा संकेत जाऊन २ए झाला. जुन्या लोकांना हे फार लागलं. ग्रेट वेस्टर्नचा इंजिन-कारखाना जिथे होता त्या स्विंडनशी असलेलं पिढ्यांचं नातं एका आदेशाने तुटलं, अशी ती भावना होती.

स्विंडन तिथून शंभर मैलांच्याही आतच आहे. पण मनातलं अंतर वाढलं होतं हे खरं.

याच आदेशाने शेड वाचवली असं माझं मत आहे. वेस्टर्न रीजनने वाफ हटवण्याची घाई केली आणि १९६५ संपताना ती पूर्ण केली. लंडन मिडलंड रीजन मागे होता, तिथे वाफेची इंजिनं १९६८पर्यंत धावत होती. टाइझली हद्दीच्या या बाजूला आल्यामुळे १९६६च्या सुरुवातीला तिथे अजून कोळसा होता, पाणी होतं, राख काढणारे हात होते. रेघ जुन्या जागीच राहिली असती तर त्या हिवाळ्यात शेड थंड पडली असती.

आणि नेमकं त्याच वेळी ‘क्लन कॅसल’ला घर हवं होतं. नंबर ७०२९, स्विंडनला १९५०मध्ये बांधलेलं ‘कॅसल’ वर्गाचं इंजिन. ११ जून १९६५ रोजी पॅडिंग्टनहून सुटलेली वाफेवरची अखेरची नियमित गाडी त्याने ओढली होती आणि वर्षअखेर ते निवृत्त झालं. पॅट्रिक व्हाइटहाउस या बर्मिंगहॅमच्या गृहस्थांनी ते भंगाराच्या भावाने विकत घेतलं. हे गृहस्थ हौशी असले तरी नवखे नव्हते. १९५१मध्ये वेल्समधली टॅलिथिन ही छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, त्या कामात ते सुरुवातीपासून होते. इंजिन विकत घेणं सोपं आणि ते चालतं ठेवणं कठीण, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी इंजिन टाइझलीला आणलं. १९६६मध्ये शेड वाफेसाठी अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा तिच्या आवारात एक जिवंत इंजिन आणि त्याची काळजी घेणारी माणसं आधीच मुक्कामाला होती.

पुढच्या वर्षी ‘कोल्हापूर’ आलं. या येण्यात एक जुळणी आहे. ज्युबिली वर्ग विल्यम स्टॅनियर यांचा, आणि स्टॅनियर १९३२मध्ये एलएमएसमध्ये गेले ते स्विंडनहून. चर्चवर्डनी रुजवलेला निमुळता बॉयलर त्यांनी सोबत नेला. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या रंगाचं हे इंजिन चर्चवर्डच्या शेडीत आलं, तेव्हा ते एका अर्थी आजोबांच्या घरी आलं होतं.

काय राहिलं, काय गेलं

१९६०च्या दशकाच्या अखेरीस टाइझलीचं राउंडहाउस पाडलं. एक टर्नटेबल राहिलं, उघड्यावर. कोल स्टेज राहिली. विश्वस्त संस्था झाली, बर्मिंगहॅम रेल्वे म्युझियम हे नाव मिळालं, आणि कोल स्टेजच्या भोवती दुरुस्तीचं काम सुरू झालं.

इमारतींचं जतन करणाऱ्याला हा पराभव वाटेल, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. चर्चवर्डच्या राउंडहाउसचं छप्पर, त्याखालचा तो धुराने काळवंडलेला उजेड आता बघायला मिळणार नाही. चेस्टरफील्डजवळ बॅरो हिल इथे मिडलंड रेल्वेचं १८७०चं राउंडहाउस आज छपरासकट उभं आहे. योग असा की ‘कोल्हापूर’ पुढे बरीच वर्षं त्याच बॅरो हिलला प्रदर्शनात होतं, थंड बॉयलरने.

तरी मला टाइझलीचं पारडं जड वाटतं. ऑगस्ट १९६८नंतर ब्रिटिश रेल्वेने आपल्या लाइनींवर वाफेच्या इंजिनांना जवळपास पूर्ण बंदी केली. टाइझलीच्या लोकांकडे इंजिनं होती, पण दारासमोरच्या रुळांवर ती नेता येत नव्हती. अशा काळात बहुतेक ठिकाणी कामाची सवय मोडते, माणसं पांगतात. इथे ती धुणं, पुसणं, बॉयलर तपासणं करत राहिली. ऑक्टोबर १९७१मध्ये ‘किंग जॉर्ज फिफ्थ’ या इंजिनाच्या फेरीने बंदी सैलावली आणि पुढच्या वर्षी मोजके मार्ग वाफेला खुले झाले, तेव्हा टाइझली तयारच होती.

त्याच वर्षांत लंडन ट्रान्सपोर्टने भुयारी रेल्वेच्या देखभाल-गाड्यांसाठी ठेवलेली वाफेची इंजिनं काढली. ६ जून १९७१ची अखेरची फेरी ज्याने केली ते ७७५२ आणि त्याचा जोडीदार ७७६०, दोन्ही टाइझलीला आली. वेल्समधल्या बॅरीच्या भंगार-आवारातून शेकडो इंजिनं पुढे देशभर वाचवली गेली. तिथलीही काही इथे आली. त्यांतल्या एकाची हकीकत शेड म्हणजे काय हे फार चांगलं सांगते.

हे इंजिन ‘अल्बर्ट हॉल’, ४९८३, म्हणून विकत घेतलं होतं. दुरुस्तीला बरीच वर्षं गेली. भाग सुटे होत गेले तसे त्यांच्यावर ठोकलेले नंबर दिसू लागले, आणि ते ४९६५चे निघाले. ४९६५ म्हणजे ‘रूड ॲश्टन हॉल’, जे १९६२मध्येच निवृत्त होऊन संपलं असं कागद सांगत होते. झालं होतं असं की स्विंडनच्या कारखान्यात दोन्ही इंजिनं एकाच वेळी होती. एकाचे चांगले भाग दुसऱ्याच्या नावावर बाहेर पडले. कारखान्यात यात कुणाला काही गैर वाटत नसे. बॉयलर याचा त्याला, चाकं त्याची याला, असंच चाले. १९९८मध्ये इंजिन वाफेवर आलं ते रूड ॲश्टन हॉल या खऱ्या नावाने. कागदावर छत्तीस वर्षांपूर्वी संपलेलं इंजिन हातात पाना घेतलेल्या माणसांनी ओळखलं. ते काचेपलीकडे रंगरंगोटी करून ठेवलं असतं तर आजही अल्बर्ट हॉल म्हणूनच उभं असतं.

शेजारचा डेपो

टाइझलीच्या कहाणीत वाफेकडेच सगळ्यांचं लक्ष जातं आणि शेजारचा डिझेल डेपो विसरला जातो. माझ्या मते तो नसता तर ही कहाणी १९७०च्या दशकातच थांबली असती. वाफेच्या आवाराला मुख्य लाइनीचा सांधा हवा, आणि चार इंजिनांसाठी कुणी रेल्वे सांधा, सिग्नल आणि फाटा राखत नाही. बाजूला रोज पहाटे गाड्या सोडणारा डेपो असला की ते सगळं आपोआप राखलं जातं.

त्या डेपोचीही परीक्षा झालीच. मार्च १९६७मध्ये लंडनच्या यूस्टनहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटची लाइन विजेवर गेली आणि स्नो हिलवरची लांब पल्ल्याची वाहतूक तिकडे वळली. स्नो हिल १९७२मध्ये बंद पडलं आणि १९८७मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या पंधरा वर्षांत स्ट्रॅटफर्ड आणि लेमिंग्टनकडच्या लोकल मूर स्ट्रीटहून चालत राहिल्या, नॉर्थ वॉरिकशायर लाइन बंद होता होता वाचली, आणि त्या गाड्यांना डिझेल, ब्रेकचे गुटके आणि धुणं-पुसणं टाइझलीतच मिळत राहिलं. १९९०च्या दशकात क्रॉस-सिटी लाइनला वीज आली, तेव्हा तिच्या गाड्या हातच्या गेल्या. पण स्नो हिलच्या लाइनी आजही विजेविना आहेत. म्हणून १७२ आणि २०२२पासून धावणाऱ्या १९६ वर्गाच्या डिझेल गाड्या टाइझलीच्याच ताब्यात आहेत.

अशा डेपोचं काम बाहेरच्याला दिसत नाही. शरद ऋतूत रुळांवर पानं चिकटून चाकं घसरतात, ब्रेक लागताना एका जागी झिजून सपाट होतात, आणि गाडी धडधडायला लागते. चाक पुन्हा गोल करायला गाडी लेथवर घ्यावी लागते. संडासाच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात. हे रात्री अकरा ते पहाटे पाचच्या दरम्यान, बहुधा पावसात, कुणीतरी करतं. १९०८चा फायर पेटवणारा माणूस आणि हा माणूस एकाच वेळापत्रकाचे नोकर.

दोन्ही कामं कुंपणाने वेगळी असली तरी एकमेकांत शिरतात. मुख्य लाइनीवर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाला आता गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, डेटा रेकॉर्डर आणि डिजिटल रेडिओ सक्तीचे आहेत. आग, काजळी आणि हादरे यांच्यात हे इलेक्ट्रॉनिक्स जिवंत ठेवायचं, तर बॉयलरचा कारागीर आणि वायरिंगचा तंत्रज्ञ दोघं लागतात. १९९९पासून टाइझलीच्या लोकांनी उन्हाळ्यातल्या रविवारी बर्मिंगहॅम ते स्ट्रॅटफर्ड वाफेची गाडी चालवली. २०१८मध्ये लोकांकडून भागभांडवल गोळा करून, सभासदांच्या मालकीची व्हिंटेज ट्रेन्स ही परवानाधारक रेल्वे कंपनीच उभी केली. वर्षभर आधी, २०१७मध्ये, क्लन कॅसल मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा वाफेवर आलं होतं.

कोळसा

१९६६च्या हिशेबात शेडीच्या बाजूने तीन गोष्टी उभ्या राहिल्या : हद्दीच्या रेघेने मिळालेला थोडा वेळ, त्या वेळात आलेलं इंजिन, आणि कुंपणापलीकडचा चालता डेपो. कोळशाचा विचार तेव्हा कुणाला करावा लागला नाही. तो होताच.

साउथ वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळची फॉस-इ-फ्रॅन ही उघडी खाण नोव्हेंबर २०२३मध्ये बंद झाली. जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या वारसा रेल्वेंना लागणारा वाफेचा कोळसा मोठ्या प्रमाणावर तिथून येई. ३० सप्टेंबर २०२४ला देशातलं कोळशावरचं अखेरचं वीजकेंद्र थांबलं, आणि कोळसा आणणं, साठवणं, वाहून नेणं यांची उरलीसुरली व्यवस्थाही आटली. खाण बंद होण्याला माझा विरोध नाही. हवेचा प्रश्न चार इंजिनांपेक्षा मोठा आहे. पण ठिसूळ वेल्श कोळशासाठी बांधलेल्या कोल स्टेजखाली आता परदेशी कोळसा येतो, किंवा कोळशाचा चुरा आणि इतर पदार्थ दाबून केलेले गोळे. ते वेगळ्या तऱ्हेने जळतात, जाळीवर वेगळा खंगर धरतात. फायरमनना आग धरायचं नव्याने शिकावं लागतं आहे. भट्टीत किती जाड थर ठेवायचा, हवा वरून किती आणि खालून किती द्यायची, चढावाच्या किती आधी फावडं मारायचं, हे सगळं पुन्हा एकदा, फेरीमागून फेरी, कुणीतरी कुणाला तरी दाखवत.